औंदाची बाई

आमच्या घरात ‘औंदा’, म्हणजे यंदा, हा शब्द फार चालायचा. औंदा गवत कसं, औंदा मेंढरं कोकणात कुठवर उतरवायची, औंदा लोकर कोण नेणार. त्याच रांगेत माझी शाळा. जून आला की आबा, म्हणजे माझे वडील, पटका सोडता सोडता म्हणायचे, “औंदा जा. फुडच्याला फुडं बघू.”

भरे गावाच्या कडेला आमचं पत्र्याचं घर. दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन निघून जायचे. आई लोकांच्या भातात लावणी करायची, भात नसेल तेव्हा कोंबड्यांच्या शेडवर जायची. अंगाचा तो वास घरी येऊन धुतला तरी जायचा नाही, म्हणून ती देवळातसुद्धा मागं उभी राहायची. थोरली बहीण सातवी पास झाली, तेव्हा आबा म्हणाले, “औंदा ऱ्हाऊ दे.” कुणी तिची शाळा बंद केली नाही. नुसतं औंदा राहू दिलं, आणि ती राहिलीच.

पुढचं वर्ष आहे की नाही हे ज्या पोराला ठाऊक नसतं, ते शिकतं कसं, सांगते. ते पुस्तकाला कव्हर घालत नाही. कव्हर नाही म्हणून गुरुजींनी मला हातावर छडी मारली, मी मुकाट खाल्ली. उद्या परत करायच्या पुस्तकाला कव्हर कशाला, हे मी त्यांना कसं सांगणार?

मी आठवीत जायच्या वेळी आईनं एक पाट बाजूला काढली. पाट म्हणजे न व्यालेली तरणी शेळी. पांढऱ्या कानाची होती. आबांसमोर तिच्या गळ्यात चिंधी बांधून आई म्हणाली, “हिला कुनी हात लावायचा न्हाई. हिची बोकडं हुतील ती कमळीच्या शाळंला. पाटी झाल्या तर ऱ्हातील, इकायच्या न्हाईत.”

आबा हसले. “शेळीच्या जिवावर पोरीला बालिस्टर करतीस व्हय?”

“बालिस्टर न्हाई. पंधरावी.”

आमच्याकडं बी.ए. ला पंधरावी म्हणतात. त्या जूनमध्ये मी सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली. आमच्या भावकीतली पहिली पंधरावी माझी, आणि हे मी लाजत सांगत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, नोकरीत माझी गाठ पुन्हा त्याच शब्दाशी पडली.

पिरंगुटला एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर दोन खोल्यांत आमची संस्था होती. मुळशीच्या गावागावांतल्या ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवायचं हे काम. जागा गिरणीवर का, असं पाहुणे विचारायचे. भाडं कमी होतं. खडखडाटामुळं दुसरा भाडेकरू टिकत नव्हता आणि आमच्या मुलांची काही तक्रार नव्हती. तक्रार एकट्या माझी. संध्याकाळी घरी गेल्यावर आई म्हणायची, “कमळे, वरडतीस का? मी बहिरी हाय व्हय?”

संस्था काढली होती एका निवृत्त शिक्षकांनी. सगळे त्यांना सर म्हणत. मी समन्वयक. म्हणजे गावांत फिरून मुलं शोधायची, आयांशी बोलायचं, देणगीदारांना अर्ज लिहायचे, आणि गिरणीवाल्याला ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हणायचं.

हे काम काय असतं ते थोडं सांगते. ऐकू न येणारं मूल मुकं नसतं. त्याचा घसा ठणठणीत असतो. बोलणं कानावाटे आत जातं आणि मग तोंडावाटे बाहेर येतं. इथं आत जायची वाटच बंद. म्हणून वाट डोळ्यांची करायची. हातांच्या खुणांची एक पुरी भाषा आहे, तिला व्याकरण आहे, तिच्यात भांडता येतं आणि चहाड्याही करता येतात. पण भाषा ही कुणातरी माणसाकडून यावी लागते, रोज, वर्षानुवर्षं. तान्ह्या पोराशी एक वर्ष बोललं, मग आई बदलली, असं कुणी करत नाही.

आम्ही नेमकं तेच करत होतो. आम्हाला मिळणारं अनुदान एका वर्षाचं असायचं. एप्रिलला मंजूर, पैसे येईपर्यंत नागपंचमी. मग शिक्षिकेची जाहिरात, मग मुलाखती. बाई रुजू व्हायची ती गणपतीच्या सुमारास. मुलांची तिला ओळख होईपर्यंत थंडी पडायची. आणि मार्च आला की आमचा शिमगा. अनुदान संपलं, बाईची ऑर्डर संपली, बाई गेली. पुढच्या वर्षी नवा अर्ज, नवं अनुदान, नवी बाई. चांगली बाई कशाला थांबेल? तिलाही घर असतं.

त्यात देणगीदारांचा जीव वस्तूंवर. कानाची यंत्रं द्यायला दहा जण तयार. पण यंत्राचा सेल संपतो, पोर वाढलं की कानातला साचा बसेनासा होतो, आणि यंत्र घातलेल्या पोराला आवाजाचा अर्थ शिकवायला माणूस लागतो, हे सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: “पगाराला आम्ही देत नाही.” घोटावड्याला एका घरात मी देणगीतलं यंत्र देवासमोर ठेवलेलं पाहिलं. हळदीकुंकू वाहिलेलं. सेल संपल्यावर पोराच्या आजीनं त्याचा तेवढाच उपयोग केला होता.

एकदा हिंजवडीच्या एका कंपनीची तरुण मंडळी आली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट. मुलांनी नाच करून दाखवला, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मुलांना चित्रं काढून दाखवली. आमच्या मुलांना टाळी ऐकू येत नाही, ती दोन्ही पंजे वर करून हवेत हलवतात. तशी सगळ्या मुलांनी मनापासून दाद दिली. ते बघून पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. त्यांचा साहेब मला हळूच म्हणाला, “मॅडम, बच्चे बाय बोल रहे हैं. थक गये होंगे.” आणि मी सांगेपर्यंत निम्मी मंडळी जिन्यात. खाऊचे बॉक्स उघडायचे राहिले होते, ते मुलांनी नंतर उघडले. तेव्हाही पंजे हलवले.

आता पल्लवीकडं येते. घोटावड्याच्या पुढं वस्तीवर तिचं घर. बाप ट्रकवर, आई सुमन एका पॅकिंगच्या कंपनीत. शेळ्या चार-पाच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पल्लवी सहा वर्षांची होती आणि वस्ती तिला ‘मुकी’ म्हणत होती. सुमननं मला उंबऱ्यातच विचारलं, “शाळा औंदापुरती हाय का कायमची?”

मी म्हणाले, “बघू या.” दुसरं काय म्हणणार!

ऐकू न येणाऱ्या मंडळींत प्रत्येक माणसाला नावाची एक खूण असते. ती आपण स्वतः घ्यायची नसते, त्यांनी द्यायची. सरांची खूण मिशीला पीळ. माझी खूण कपाळावर बोट, कारण माझी टिकली मोठी. आणि पल्लवीनं शिकवणाऱ्या बाईंना खूण दिली होती एक हात वर करून पंजा हलवायची. आपण लहान पोराला ‘अच्छा कर’ म्हणतो ना, तोच अच्छा. मला वाटलं, बाई जाताना दारातून अच्छा करतात, म्हणून असेल. गोड वाटलं. मी ते एका अहवालातसुद्धा लिहिलं.

पल्लवी आठ वर्षांची झाली त्या वर्षीच्या बाईंचं नाव माधुरी. हनुवटीवर तीळ, ओढणी कमरेला खोचलेली, आणि मुलांबरोबर फरशीवर बसणाऱ्या. पहिल्याच महिन्यात त्या मला म्हणाल्या, “कमलताई, ही खूण माझी नाही. माझ्या आधीच्या बाईंचीही हीच होती. त्यांच्या आधीच्यांचीही. मी मोठ्या मुलांना विचारलं.”

सगळ्या बायांना एकच नाव. जाणारी.

सुमनची भाषा वेगळी, अर्थ तोच. जून-जुलैत रस्त्यात भेटली की ती मला विचारायची, “ताई, औंदाची बाई कोन?” औंदाचं बियाणं कुठलं, असं विचारावं तसं.

माधुरीबाईंच्या हाताखाली पल्लवी फुलली. संक्रांतीच्या सुमाराला ती ‘का?’ ही खूण शिकली आणि मग तिनं आमचा पिच्छा पुरवला. गिरणीमुळं फरशी थरथरते, का? सरांना केस नाहीत, का? शेळी झाड खाते, मांजर खात नाही, का? आठ वर्षांचे प्रश्न एकदम आले. सर म्हणाले, “आता हिला थांबवायचं कोण?”

मार्चनं थांबवलं. माधुरीबाईंना शहरातल्या एका शाळेत जागा मिळाली होती. शेवटच्या दिवशी पल्लवीनं त्यांच्यासमोर उभं राहून दोनच खुणा केल्या. अच्छा. का?

अनुदानाचं वर्ष संपलं, हे समजेल एवढी भाषा अजून पोरीकडं नव्हती. असती तरी पटलं असतं का? माधुरीबाई तिचे हात धरून बसल्या. बोलणाऱ्याचे हात धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं, हे त्यांच्या लक्षात आलं, तसे त्यांनी सोडले.

जूनमध्ये मी सुमनकडं गेले. ती शेळ्यांना पाला टाकत होती. मी बसायच्या आतच तिनं विचारलं, “औंदाची बाई कोन?”

“अजून ठरायचंय.”

“मग तुमचं ठरू द्या. आमचं ठरलंय. पल्लवी येनार न्हाई.”

“अगं सुमन, एवढी पुढं गेली पोर...”

“फुडं न्हेता आन तितंच सोडता! एप्रिलात चार दिस जेवली न्हाई ती. दर साली नवी बाई, दर साली पयल्यापासनं. पोर मुकी हाय, येडी न्हाई. शेळ्या तर सोडून जात न्हाईत तिला. मोठी झाली की लावीन माझ्या कंपनीत हेल्परला.” मग पाल्याची पेंडी खाली टाकून म्हणाली, “तीन वर्सं एकच बाई ऱ्हानार आसंल तर बोला. न्हाईतर च्या घ्या आन जावा.”

चहा घेतला आणि निघाले. तीन वर्षं! माझ्या स्वतःच्या नोकरीची ऑर्डर अकरा महिन्यांची होती. पण परत येताना बसमध्ये मला आईची पांढऱ्या कानाची पाट आठवत राहिली. सुमन वेगळं काय मागत होती? आणि मी तिला काय सांगून आले होते? आबांचंच वाक्य. फुडच्याला फुडं बघू.

तेव्हा सर एका मोठ्या निधीसाठी अर्ज तयार करत होते. त्यात त्यांनी लिहिलं होतं, मुलं दुप्पट करू, आणखी पाच गावं घेऊ. असं लिहिलं की देणाऱ्यांना बरं वाटतं. मी म्हणाले, “सर, उलटं मागू. मुलं आहेत तेवढीच. वर्षं तीन. आणि पैसे मुख्यतः बाईच्या पगाराला.”

“अगं, असं लिहिलं तर दारात उभं करणार नाहीत. आहे ते एका वर्षाचंही जाईल.”

“गेलं तर काय जाईल? पोरं तर एकेक करून जातातच आहेत.”

सर बराच वेळ मिशीला पीळ देत राहिले. त्यांना काय आठवत होतं ते मला माहीत होतं. धरणाच्या पाण्याकडच्या एका गावातल्या दोघी बहिणी. त्यांचं गाव आमच्या अनुदानातून एका मार्चला सुटलं ते सुटलं. पुढं थोरलीचं लग्न झालं, आम्ही गेलो होतो. हळद लावून घेताना ती माझ्याकडं बघून एकच खूण पुन्हा पुन्हा करत होती: काय? काय? तिच्या घरात कुणालाच ते तिला सांगता येत नव्हतं. मी खुणांनी सांगितलं, जमेल तसं, मांडवात उभं राहून. ती खिळून बघत राहिली. मग मान हलवली. हो म्हणाली की नुसतं समजलं म्हणाली, मला आजही सांगता येणार नाही.

“लिही,” सर म्हणाले. “पण मग उत्तरंही तूच दे.”

निधी देणाऱ्यांकडून राधिका मॅडम पाहणीला आल्या. शहरी, नीटस, पण पायात चिखलात चालायचे बूट घालून आलेल्या. तिथंच मला त्या बऱ्या वाटल्या. गिरणीच्या माडीवर त्यांनी विचारलं, “लाभार्थी वाढत नाहीयेत. मग ग्रोथ कुठे आहे?”

“मॅडम, मूल वाढतं, ती ग्रोथ.”

त्या हसल्या. “बोर्डाला हे असं कसं सांगू?”

मग मी त्यांना आईच्या शेळीची गोष्ट सांगितली. म्हटलं, बोकडं विकायची आणि पाटी ठेवायच्या, हा आमच्या घरचा नियम. एका वर्षाच्या अनुदानात आम्हाला पाटही विकावी लागते. शिकलेली बाई, रुळलेलं मूल, विश्वास बसलेली आई, सगळं मार्चला विकून मोकळे. जूनला पुन्हा रिकामा गोठा.

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मला वाटलं, गेलं. त्या म्हणाल्या, “जी मुलगी येत नाही, तिच्या घरी जाऊ या.”

वस्तीवर पल्लवी शेळ्यांजवळ उभी होती. मॅडमचा गळ्यातला बिल्ला, हातातली फाईल तिनं वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि हात वर करून पंजा हलवला.

“ओह, हाय!” राधिका मॅडमनी उलट हात हलवला.

सुमन हसली. “हाय न्हाई करत, मॅडम. तुमचं नाव ठिवलंय.”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. गोड काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, “जे येतात आणि जातात, त्यांचं हे नाव आहे. सगळ्यांचं एकच.”

मग मॅडम सुमनला म्हणाल्या, “तीन वर्षं बाई राहिली तर पाठवाल?”

“आदी ऱ्हाऊ द्या,” सुमन म्हणाली. “मग इचारा.”

दिवाळीच्या तोंडावर मंजुरी आली. तीन वर्षं. पगार धरून, भाडं धरून, सेलसुद्धा धरून. मी पहिला फोन माधुरीबाईंना लावला.

“किती महिन्यांची ऑर्डर?” त्यांनी विचारलं.

“छत्तीस.”

“चेष्टा नको, ताई.”

मग म्हणाल्या, “पल्लवी येते का?”

“तुम्ही आलात तर येईल.”

त्या आल्या. आमच्या भऱ्यातच खोली घेतली. घरमालक गावचे जुने जमीनदार, कामगारांना खोल्या देणारे. त्यांनी सवयीनं विचारलं, “किती म्हैन्यांसाठी?” तीन वर्षं म्हटल्यावर म्हणाले, “मग आतली घ्या. भायेरची जाणाऱ्यायेणाऱ्याला ठिवलीय.”

आणि आता आमची खरी पंचाईत झाली. निधीवाल्यांनी तीन वर्षांचं नियोजन मागितलं. सर, माधुरीबाई आणि मी कागद घेऊन बसलो. पहिलं वर्ष भराभर लिहिलं. दुसऱ्याला पेन अडखळलं. तिसऱ्या वर्षाचा रकाना कोराच. एवढी वर्षं संस्था चालवली, पण एका मार्चच्या पलीकडं बघायची मानेला सवयच नव्हती. सर म्हणाले, “तिसऱ्या वर्षी काय असतं गं?”

मग आम्ही कामं लिहायची सोडली आणि मुलांची नावं लिहिली. तिसऱ्या वर्षी कोण कितीला असेल, त्याला काय यायला हवं, आणि त्यासाठी आज काय सुरू करावं लागेल. तेव्हा सुचलं की आयांना खुणा शिकवायला हव्यात, म्हणून रविवारचा वर्ग. इथल्याच एका मुलीला ही मुलं शिकवायच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पाठवायला हवं, म्हणजे पुढं बाई बाहेरून शोधायला नको. एका वर्षाच्या पैशात दोन वर्षांचा अभ्यासक्रम बसतच नाही, हे साधं गणित. पण ते कधी मांडायची वेळच आली नव्हती. आणि पहिल्याच वर्षापासून चौथ्या वर्षाचं बघायला सुरुवात केली. चौथ्या वर्षापासून खोली द्यायचं ग्रामपंचायतीनं कबूल केलं. सेलचा पुढचा खर्च घोटावड्याच्या एका कारखान्यानं उचलला. पूर्वी हे सगळं मार्चमध्ये रडत करायचो, आता कार्तिकात हसत केलं. त्या वर्षी सगळ्या मुलांच्या पुस्तकांना मी स्वतः कव्हरं घातली. सर म्हणाले, “हे नियोजनात नव्हतं.” मी म्हटलं, “हेच नियोजन.”

अनुदान म्हणजे देव नव्हे. अहवाल लिहून बोटं दुखली. तीन वर्षंही संपतातच. पण तीन वर्षांत उद्याची तयारी करता येते. एका वर्षात नुसती निरोपाची होते.

सुमननं माधुरीबाईंना बघून तोंड वाकडं केलं. “औंदाची बाई म्हणून मागलीच आनली व्हय? बरं. मार्चपतोर पाठिवते.”

मार्च आला. पल्लवी गप्प होत गेली, ‘का’ विचारेनाशी झाली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दप्तर भरून बाईंसमोर उभी राहिली आणि पंजा हलवला. माधुरीबाईंनी मान हलवली आणि खूण केली: उद्या.

पल्लवीचा विश्वास बसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन तिला घेऊन स्वतः आली, कंपनीचा खाडा करून. माधुरीबाई फरशीवर बसल्या होत्या, ओढणी खोचून. पल्लवी दारातच थांबली. धावत जाऊन मिठी वगैरे काही नाही. आत आली, आपल्या जागेवर बसली, आणि गिरणी सुरू झाल्यावर विचारलं, फरशी थरथरते, का?

मे महिन्यातल्या एका दिवशी ती मला काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिनं हनुवटीवर, जिथं तीळ असतो तिथं, बोट टेकवलं. मला कळेना. तिनं वैतागून माधुरीबाईंकडं हात केला आणि पुन्हा हनुवटीवर बोट. बाकीच्या मुलांनीही मग तेच उचललं. माधुरीबाई फळ्याकडं तोंड करून बराच वेळ आधीच पुसलेला फळा पुसत राहिल्या.

ती पहिली तीन वर्षं संपली, आणि पुढच्या तीन वर्षांचं अनुदान त्याआधीच मिळालं होतं. अभ्यासक्रमाला पाठवलेली मुलगी शिकून आली, तिला मुलांनी कुरळ्या केसांची खूण दिली. रविवारच्या वर्गात सुमन पहिल्या ओळीत बसते आणि लेकीशी भांडते, हातांनी. मी निवृत्त झाले.

परवा बाजारात सुमन भेटली. मेथीचा भाव केला, कंपनीला शिव्या दिल्या, आईची चौकशी केली. निघाली तरी नेहमीचा प्रश्न आला नाही. मग मीच म्हटलं, “सुमन, औंदाची बाई कोण ते नाही विचारलंस?”

“इचारायचं काय त्यात?” ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

पल्लवी यंदा सातवीत गेली. बाई त्याच आहेत.